बरणीतलं एकच पान

अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस, सकाळची वेळ. रक्कम नव्वद हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, माझी पत्नी शोभा आणि तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मेव्हणे. चौथं हजर होतं समुद्री शेवाळाचं एक पान, तळहाताएवढं, आमच्या मधल्या खोलीत, काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये, एका बरणीत. ही रक्कम बंगळूरच्या एका प्रयोगशाळेला आगाऊ पाठवायची होती. त्या पानाचा जीनोम, म्हणजे त्याच्या पेशीत लिहिलेला सगळा मजकूर, वाचून देण्याबद्दल. मोबाइलवर सगळे रकाने भरून झाले होते. फक्त एकदा बोट टेकवायचं राहिलं होतं. मेव्हण्यांचं बोट काचेच्या जरा वर येऊन थांबलं होतं.

"दाजी," ते म्हणाले, "पान आज जरा फिकं वाटायलंय का तुमाला?"

मराठवाड्यात आजवर जेवढी काळजी करून झाली असेल, तिच्यातला निम्मा वाटा एकट्या माझ्या मेव्हण्यांनी उचललेला आहे, असं मी जबाबदारीनं लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी करतो. तपासल्याशिवाय आकडा कागदावर घ्यायची मला सवय नाही. पण या माणसाच्या काळजीची बेरीज मला कधीच जमली नाही, कारण एक रकाना पुरा होईपर्यंत ते दुसरा सुरू करतात.

बाकीची माणसं काळजी करतात आणि झोपतात. दादा, म्हणजे माझे हे मेव्हणे, काळजी करतात आणि बाजारात जाऊन तिच्यासाठी एक जोडवस्तू घेऊन येतात. त्यांच्याकडे चष्मे दोन, घड्याळं दोन, दाराला कुलपं दोन आणि त्या दोन्ही कुलपांच्या किल्ल्यांची आणखी एक जोडी आमच्याकडे. छत्र्यासुद्धा दोन, तेही आमच्या धाराशिवात, जिथे एका छत्रीलाच वर्षातले बरेच महिने खुंटीवर टांगून राहावं लागतं. सोलापूरला जायचं असलं की दोन गाड्यांची आरक्षणं करायची, एकीत बसायचं आणि तुळजापूर येईपर्यंत दुसरी आपल्या आधी पोचेल की काय या विचारानं खिडकीतून मागे बघत राहायचं. लग्न त्यांनी केलं नाही. मुलगी बघायला गेले की त्यांना तिच्या वडिलांच्या तब्येतीची काळजी लागायची. रक्तदाब किती, साखर किती, रात्री झोप लागते का, अशी चौकशी ते इतक्या कळकळीनं करायचे की चहा पिऊन झाल्यावर ते गृहस्थ डॉक्टरकडे निघायचे आणि सोयरीक तिथंच राहायची.

माझं स्वतःचं लग्न ढोकीला झालं. आमच्याकडे नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावरून वाजत-गाजत आणतात, त्याला परण्या म्हणतात. घोडा सांगायचं काम दादांकडे होतं. घोडा बुजला तर नवरदेव पडेल, पडला तर हात मोडेल, हात मोडला तर बहिणीच्या गळ्यात हार कोण घालील, इथपर्यंत त्यांनी मनात पोचून पाहिलं आणि दोन घोडे सांगितले. एकावर मी. शेजारी तसाच सजवलेला, झुली-गोंड्यांचा दुसरा, रिकामा. लोक वाटेत थांबून विचारत होते, दुसरा नवरदेव कुठंय? कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरवरून एक जण ओरडला, "ओ पाव्हणं, ह्याच्यावर पाय अवघडलं की त्याच्यावर बसा!" आणि पुढे बँडवाल्यांनी ताशाला काठी लावली तेव्हा बुजला तो रिकामा घोडाच. त्याला बघून माझा बुजला. मी पडलो नाही, एवढंच. दादा घामाघूम होऊन मला म्हणाले, "बरं झालं दाजी, जोडीला दुसरा होता." त्या क्षणी मला कळलं की ही सोयरीक साधी नाही.

असा माणूस समुद्राच्या वाटेला कसा गेला, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. दादा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थी असताना त्यांची सहल कोकणात गेली होती. बाकीची पोरं लाटांत शिरली. दादांनी लाटांचा अंदाज घेतला, तो त्यांना पटला नाही, म्हणून ते मागे खडकावर बसून राहिले. ओहोटी होती, ऊन डोक्यावर आलेलं. खडकाला हिरव्या कागदाचे वाळके कपटे चिकटले होते. एक उचलला तर बोटांत त्याचा चुरा झाला. मग भरती आली, पाणी खडकावर चढलं आणि ते कपटे एकेक करून उलगडले, हिरवेगार, पातळ, पलीकडचं दिसावं असे. त्या शेवाळाला उल्वा म्हणतात. दादा ते सांगताना अजूनही आवाज खाली आणतात.

"रोज दोनदा वाळतं दाजी. पार कागूद होतं. पर मरत न्हाय. पाणी आलं की जणू काय झालंच न्हाय. मला वाटलं, हे हितं काय करायलंय? हे तर आपल्याकडचं हाय."

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती: हे वाळून न मरण्याचं कसब त्याच्या पेशीत कुठं लिहिलंय ते शोधायचं. शोधायचं तर आधी सगळा मजकूर वाचायला हवा. आणि त्यांच्या उल्व्याची जी जात, तिचा तोवर कुणी वाचलेला नव्हता.

अशा रीतीनं समुद्र आमच्या घरी आला. दादांच्या घरावर पत्रा आहे. आमची मधली खोली जुन्या दगडी भिंतीची, उन्हाळ्यातही गार. म्हणून बरण्या आमच्याकडे. समुद्राचं पाणी इथं मिळत नाही, ते बनवावं लागतं. त्यासाठी मीठ लागतं, ते सगळीकडे मिळतं, आणि मॅग्नेशियम सल्फेट लागतं, जे शेतीच्या औषधांच्या दुकानात खत म्हणून मिळतं. दादांनी धाराशिवात एक पिशवी घेतली आणि तिच्यात भेसळ असली तर म्हणून दुसरी घ्यायला मला मुरुम गावापर्यंत नेलं. तिथला दुकानदार हुशार होता. त्यानं विचारलं, "कुठल्या पिकाला पाहिजे, सर?"

"शेवाळाला," दादा म्हणाले.

"शेवाळ मारायचं औषध येगळं असतं. हे खत हाय. ह्यानं वाढंल."

"वाढवायचंच हाय."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. "क्षेत्र किती?" त्यानं जरा जपून विचारलं.

"सव्वा लिटर," दादा म्हणाले.

शेवाळाला गारवा हवा आणि उजेडही हवा. साध्या फ्रीजमध्ये अंधार असतो. म्हणून दादांनी बंद पडलेल्या एका थंड पेयांच्या दुकानातला काचेच्या दाराचा फ्रीज आणला आणि त्यात ट्यूबलाइट बसवली. तो मधल्या खोलीत, रस्त्यावरून दिसेल असा. उन्हाळ्यात जाणारा-येणारा आत डोकावून विचारायचा, "वहिनी, थंडा कितीला?" शोभा आधी चिडायची. पुढं पुढं ती सरळ सांगायला लागली, "खारा हाय. चालंल का?"

आता हा मजकूर वाचतात कसा, ते सांगायला हवं. मलाही समजायला वेळ लागला. यंत्र डीएनएचा अख्खा धागा एका दमात वाचत नाही. ते त्याचे लाखो तुकडे वाचतं आणि कोणता कुठला हे न सांगता सगळा ढीग आपल्या हातात देतं. पुढचं काम जुळवणीचं. दादांनी मला यात्रेचं उदाहरण दिलं. "असं समजा, गावात देवाची मिरवणूक निघाली. हजारो लोकांनी मोबाइलवर घेतली. पर एकानंबी पुरी घेतली न्हाय. कुणाकडं अर्धा मिनिट, कुणाकडं एक. आता तुमी ती मिरवणूक बघितली न्हाय, ते गावबी बघितलं न्हाय. ह्या तुकड्यांवरनं अख्खी मिरवणूक लावून दाखवा."

मी म्हटलं, "एकाच्या तुकड्याच्या शेवटी जो माणूस दिसतो, तोच दुसऱ्याच्या सुरुवातीला दिसला, की ते दोन जोडायचे."

"बरोब्बर. पर मधीच एकसारखे फेटे बांधलेली लेझमाची शंभर पोरं गेली तर? कोण कुणाच्या मागं ते कसं कळंल?" असे एकसारखे लांबच लांब पट्टे शेवाळाच्या मजकुरात भरपूर असतात म्हणे. तिथं भले भले संगणक अडखळतात. दादांचा जीव मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासून अडखळत होता.

पहिल्या खेपेला पैसे कॉलेजच्या प्रकल्पातून मिळाले होते. दादांची एक जुनी विद्यार्थिनी सोलापूरला एका प्रयोगशाळेत आहे. वयानं आता तीही चाळिशीच्या पुढची, तिला आम्ही मॅडम म्हणतो. पेशींतून धागा काढून देण्याचं आणि जुळवणी मोठ्या संगणकावर चालवण्याचं काम तिचं. दादांनी शेवाळ धुतलं, पुन्हा धुतलं, कारण त्याच्या अंगावर जे जंतू राहतात त्यांचाही मजकूर सोबत वाचला जातो. धुतलेला माल नळीत भरून त्यांनी सोलापूरला नेऊन दिला. काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला. आम्ही जेवत होतो. दादांना फोनवर एकट्यानं वाईट बातमी ऐकवत नाही, म्हणून ते तो नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवतात.

"सर, मजकूर वीस कोटी अक्षरांच्या घरात जातोय. या कुळातल्यांचा साधारण दहाच्या आसपास असतो. शिवाय हजारो तुकडे सुटेच राहिलेत. जुळतच नाहीत."

दादांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सर," मॅडम म्हणाल्या, "नमुना एकाच पानाचा होता ना?"

"व्हय, एकाचाच," दादा म्हणाले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "म्हंजे, एकाचाच घेतला होता. पर माल कमी भरला तर म्हणून… जोडीला दुसऱ्याचं थोडं घातलं."

दोन गावच्या मिरवणुका एका ढिगात आल्या होत्या. तोच गुलाल, तीच हलगी, माणसंही बरीचशी तीच वाटावीत अशी, आणि तरी वेगळी. संगणकानं जिथं जमलं तिथं दोन्ही मिरवणुका एकापुढे एक लावल्या, जिथं जमलं नाही तिथं तुकडे तसेच टाकून दिले.

शोभाला हसू आवरेना. "दादा, तू दुसरा घोडा आणलास!" ती म्हणाली. मग तिनं त्यांचं तोंड बघितलं आणि ती उठून पाणी आणायला गेली. पाणी समोरच होतं.

तेव्हापासून या गोष्टीतली गंमत कमी झाली. दादांची निवृत्ती दिवाळीनंतर होती. कोकणात किनाऱ्यावर एक संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रमुखांनी मॅडमच्या सांगण्यावरून त्यांना कळवलं होतं: जीनोम पुरा करून या, तुम्हाला एक टेबल देऊ, समुद्राच्या पाण्याचा हौद देऊ, पगार देता येणार नाही, पण वाळण्याच्या जनुकांवर हवं तेवढं काम करा. पुरा झाला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला. म्हणजे निवृत्तीनंतर एकीकडे समुद्र होता आणि दुसरीकडे पत्र्याच्या खोलीत दोन घड्याळांच्या मध्ये बसून राहणं. प्रकल्पाचे पैसे संपले होते. आता जे काही व्हायचं ते स्वतःच्या शिल्लकेतून, आणि एकदाच.

आणि या खेपेला पान एकच हवं होतं. त्यांनी एक निवडलं. निवडण्यातच पंधरवडा गेला. बाकीची त्यांनी कॉलेजच्या हौदात नेऊन सोडली, कारण समोर राहिली तर आपला हात परत तिकडे जाईल, अशी त्यांना स्वतःचीच भीती होती. उरलं एक पान, एक बरणी, एक फ्रीज. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाकडे एखाद्या गोष्टीला जोड नव्हती. ते आमच्याकडेच राहायला आले. फ्रीजसमोर सतरंजी टाकून बसायचे. वीज गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायच्या आत त्यांच्या तोंडून "गेली" असा शब्द निघायचा. शोभानं देवीला काय बोलून ठेवलं ते ती सांगत नाही. मी ऑफिसातून दुपारी घरी फोन लावायला लागलो. पूर्वी मी विचारायचो, भाजी काय आणू. आता विचारायचो, पान कसं आहे. एकदा हे बोलताना साहेब मागं उभे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुमच्या घरी कुणी पान खाऊन आजारी आहे का?"

त्या सकाळी मोबाइलवर बोट अडलं होतं ते या सगळ्यामुळे. पान फिकं नव्हतं. मी तसं सांगितलं. दादांनी शोभाला विचारलं. तिनंही सांगितलं. मग ते म्हणाले, अक्षय्य तृतीया उद्या आहे, उद्याच भरावेत का? शोभा म्हणाली, "दादा, उद्या तू परवाचं म्हणशील." आणि तिनं त्यांचं बोट धरून टेकवलं. नव्वद हजार गेले. दादांनी डोळे मिटून घेतले होते.

पैसे भरून आठवडा झाला असेल. बाहेर ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेनं चालत होती. सकाळी दादांनी फ्रीज उघडला आणि मला हाक मारली. हाक अशी होती की मी दाढी अर्धी टाकून धावलो. बरणीतलं पाणी हिरवट झालं होतं. पानाची एक कड पांढरी पडली होती, रिकामी, जाळीसारखी.

"सोडायलंय," दादा म्हणाले.

मला नंतर समजलं ते असं. या शेवाळाला जरा धक्का बसला, उष्णतेचा म्हणा, पाण्याचा म्हणा, की ते कडेपासून स्वतःच्या पेशी बीज करून पाण्यात सोडायला लागतं. बीज पोहत निघून जातं आणि मागे पानाची नुसती पांढरी साल उरते. ते थांबवता येत नाही. दोन-तीन दिवसांत अख्खं पान असं जाऊ शकतं. ठरल्याप्रमाणे ते आणखी महिनाभर वाढायचं होतं, म्हणजे माल पुरेसा झाला असता. आता कापावं तर माल थोडा. थांबावं तर कदाचित काहीच नाही.

"काय करावं दाजी? मला तर काय सुधरंना. तुमी सांगा."

मी आयुष्यात कुणाला तपासल्याशिवाय सल्ला दिला नाही. इथं तपासायला काही नव्हतं. शोभा दारात उभी होती. ती म्हणाली, "जेवढं हिरवं हाय तेवढं वाचव. बघत बसलास तर तेबी जाईल." दादांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं लहान असताना मोठ्या बहिणीकडे बघतात, खरं तर ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. मग त्यांनी कात्री उकळली आणि हिरवा भाग कापून नळीत भरला. कापताना त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि आम्ही सोलापूरची गाडी धरली. मला सोबत घेतलं ते, "मला वाटंत काय झालं तर डबा कोण नेईल?" या कारणासाठी. तुळजापूर गेलं. तामलवाडीच्या अलीकडे गाडीनं धूर सोडला आणि ती कडेला थांबली. दुसरी गाडी मागून येईल, असं कंडक्टर म्हणाला. कधी, ते म्हणाला नाही. दादांनी डबा कानाशी धरून हलवला. आतून पाण्याचा आवाज आला. बर्फ बराचसा वितळला होता.

तिथं रस्त्याला एक रसवंती होती. दादा डबा छातीशी धरून तिकडे निघाले, मी मागे. रसवंतीवाल्या मावशींनी घुंगरू लावलेलं चाक थांबवलं. "किती गिलास?"

"रस नको. बर्फ पाहिजे. सगळा."

"सगळा? अन् गिऱ्हाइकाला काय उसाचा चोथा देऊ?" मावशी म्हणाल्या. "डब्यात काय हाय? दवा हाय का कुणाची?"

दादांनी काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली, समुद्रापासून. मी मध्येच म्हणालो, "मावशी, ह्यांचं एकच हाय. गरम झालं तर जाईल."

मावशींनी दादांच्या तोंडाकडे बघितलं. काय समजल्या कुणास ठाऊक. गोणपाटाखालची अर्धी लादी काढली, फरशीवर आपटून फोडली आणि डबा भरून दिला. वर म्हणाल्या, "सावलीला बसा, बाबा. तुमीच वितळायलाव."

सोलापूरला मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाला धरून बघितली आणि म्हणाल्या, "कमी आहे, सर." दादा म्हणाले, "हाय ते एवढंच." मॅडमनी मान हलवली आणि आत गेल्या. ते दार बंद झाल्यावर दादा हातातला रिकामा डबा खाली ठेवायचा विसरले. तो धाराशिवपर्यंत मांडीवर होता.

यानंतर आमच्या हातात काही नव्हतं, आणि हातात काही नसतं तेव्हा काळजीला मोकळं रान मिळतं. धागा चांगला निघाला, असं कळलं. मग तो बंगळूरला जाताना वाटेत तुटेल याची काळजी. तो पोचला, मग यंत्र बिघडेल याची. वाचन झालं, तुकडे मॅडमकडे आले आणि जुळवणी सुरू झाली, तेव्हा दादांनी एक नवीनच प्रश्न काढला: "दाजी, नीट जुळलं, पर ते शेवाळाचं न्हायच, दुसऱ्याच कशाचं निघालं तर?" बरणीतलं उरलेलं पान तोवर पांढरं होऊन विरघळून गेलं होतं. आत नुसतं हिरवट पाणी होतं. ते फेकायचं नाही, असं शोभानं आम्हाला बजावलं होतं.

फोन आला तो दुपारी, नागपंचमीच्या आसपास. मी त्या दिवशी रजेवर होतो. दादांनी नेहमीप्रमाणे फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"सर, दहा कोटींच्या आत-बाहेर आलाय. तुकडे अगदी थोडे आहेत, लांबच लांब. एकाच पानाचा आहे. जंतूंचं जे थोडं होतं ते वेगळं काढलंय."

"परत एकदा चालवून बघता का?"

"तीनदा चालवलाय, सर. तुम्ही हे विचारणार, ते मला माहीत होतं."

दादा सतरंजीवर बसले. मला वाटलं आता पुढची काळजी येईल, मी तिची वाट बघत होतो, पण ती आली नाही. त्यांनी चहा मागितला. शोभा चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बघायला गेलो तर चहा उतू जात होता आणि ती पदर तोंडाला लावून उभी होती. "झालं ना आता त्याचं," ती म्हणाली. "आता तो जाणार." पहिली खेप फसल्यापासून मी फक्त एकाच बाजूनं हिशेब मांडत होतो. जीनोम पुरा झाला नाही तर दादांचं काय होईल, एवढंच. झाला तर आमचं काय होईल, हा रकाना मी घातलाच नव्हता.

दिवाळी झाली, निरोपसमारंभ झाला आणि आम्ही दोघं दादांना पोचवायला कोकणात गेलो. शोभानं समुद्र पहिल्यांदा बघितला. बरणी तिच्याच हातात होती; बरणीच्या काचेला आतून बारीक हिरवी लव आली होती, त्या सोडलेल्या बीजातून उगवलेल्या नव्या पानांची. केंद्राच्या मागेच खडक होते. ओहोटी होती. दादा चपला काढून सरळ पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत, मग थोडे आणखी पुढं. लाट आली, धोतरासारखी पॅन्ट फुगली, तरी ते मागे आले नाहीत. "दादा, पुरे!" शोभा ओरडली. "खड्डा असंल तिथं! दाजींना सांगते हां!" मी काठावर तिघांच्या चपला धरून उभा होतो आणि कुठली लाट किती वर येते याचा अंदाज घेत होतो.

दादांनी हात पुढं केला. शोभा साडी सावरत खडकावरून गेली आणि बरणी त्यांना दिली. त्यांनी ती पाण्यात तिरकी धरली. किती वेळ धरली, ते मी मोजलं नाही.

त्यांची खोली लहान आहे. खिडकीतून पाणी दिसतं. एक खाट, एक टेबल. शोभानं आणलेली लोणच्याची बरणी आणि शेंगाचटणी त्यांनी टेबलावर मांडली आणि म्हणाले, "तुमी निघा आता. अंधार पडायच्या आत गाडी धरा." एवढंच. गाडी मिळेल का, मिळाली तर जागा मिळेल का, यातलं काहीच ते बोलले नाहीत. ते मीच सगळं मनात बोलत होतो.

गाडीत जागा मिळाली. शोभा खिडकीशी बसली, तोंड बाहेर करून. नारळाच्या झाडांमागून पाणी अधूनमधून दिसत होतं, मग दिसेनासं झालं. कंडक्टर जवळ आला आणि म्हणाला, "किती?" मी "तीन" म्हणणार होतो. मग म्हणालो, "दोन." एक पूर्ण आणि शोभाचं, बायकांच्या सवलतीतलं, अर्धं. त्याचे जे काय झाले ते पैसे मी बेरीज न तपासता कंडक्टरला दिले.